ट्रोल, लोणी आणि फासे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, ट्रोल नावाचा राक्षस कसा मारायचा? उत्तर ठरलेलं आहे: आगीने, नाहीतर ॲसिडने. तलवारीने कितीही वार करा, जखमा भरून येतात आणि तो पुन्हा उठून उभा राहतो. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या एखाद्या दरीतल्या म्हातारीला विचारला असता, तर तिने आगीचं नावही काढलं नसतं. उजाडेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा, ऊन अंगावर पडलं की त्याचा दगड होतो, असं तिने सांगितलं असतं. किंवा चर्चची घंटा वाजवा, तो आवाज त्याला सोसत नाही.

मग आग आली कुठून? पोल अँडरसन या डॅनिश वंशाच्या अमेरिकन लेखकाच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीतून. ती 1953 मध्ये मासिकातून आणि 1961 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातल्या ट्रोलचे तुकडे पुन्हा एकमेकांना जुळतात, म्हणून ते जाळावे लागतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातला ट्रोल हाच. गायगॅक्सने 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'ला प्रेरणास्थानांची यादी जोडली, तीत अँडरसनचं नाव आहेच. म्हणजे जगभरच्या टेबलांवरचा ट्रोल दरीतून थेट आलेला नाही. तो वाटेत एका कादंबरीत मुक्काम करून आला, आणि तिथे त्याचं ऊन हरवलं.

लढाईसाठी हा ट्रोल झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने समोरच्या खेळाडूपुढे टाकलेला प्रश्न बदलला. आगीचा ट्रोल विचारतो, 'तुमच्याकडे मशाल आहे का?' उन्हाचा ट्रोल विचारतो, 'पहाटेपर्यंत तुम्ही माझ्याशी काय बोलणार?' गोष्ट रचायची असेल तर दुसरा प्रश्न कितीतरी जास्त कामाचा आहे. युरोपातल्या लोककथांमधून खेळासाठी काय उचलायचं, याचं माझ्यापुरतं उत्तर यातच आलं. शिंगं, सुळे, हिरवी कातडी राहू द्या बाजूला. त्या जिवाची अट उचला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात: कुणी शिकारी, कुणी पाद्री, कुणी भुरटा चोर. गेम मास्टर प्रसंग सांगतो आणि विचारतो, 'आता काय करता?' खेळाडू ठरवतात आणि बोलतात. जे सहज होण्यासारखं आहे ते होतं. जिथे जमेल की नाही अशी शंका असते, तिथे फासे पडतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राची कुवत मिळवायची, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली तर काम फत्ते. गोष्ट कुणीच आधी लिहून आणलेली नसते. गेम मास्टरने फक्त परिस्थिती आणलेली असते.

लोककथेचा आणि या खेळाचा सांधा इथेच जुळतो. आस्ब्यर्नसन आणि मू या दोघांनी 1840 च्या दशकात नॉर्वेच्या लोककथा छापल्या. त्यांत धाकट्या मुलाची एक कथा आहे. त्याची गाठ जंगलात ट्रोलशी पडते. पोराच्या अंगात बळ नाही. तो पांढरा दगड म्हणून चीजचा गोळा मुठीत दाबतो आणि त्यातून पाणी काढून दाखवतो. ट्रोल घाबरतो. पुढे दोघांची जेवणाची पैज लागते. पोरगा सदऱ्याखाली पिशवी बांधून लापशी तिच्यात ओततो, मग सुरीने पिशवी फाडतो आणि म्हणतो, पोट असं कापलं की आणखी जेवता येतं. ट्रोल त्याचं अनुकरण करतो आणि मरतो. ही कथा एखाद्या खेळाडूने टेबलावर रचलेल्या डावासारखीच आहे: हाताशी असलेल्या दोन फालतू वस्तू, समोर प्रचंड ताकद, आणि 'मी असं केलं तर?' हा प्रश्न.

तरीही परीकथांपेक्षा आख्यायिका खेळाला जास्त उपयोगी पडतात. ग्रिम बंधूंनी दोन्ही वेगळ्या ठेवल्या. त्यांच्या परीकथांचा पहिला खंड 1812 चा. जर्मन आख्यायिकांचे दोन खंड 1816 आणि 1818 चे. परीकथा कुठेतरी, कधीतरी घडते. तिच्यात राजकन्या बोलक्या प्राण्याला पाहून दचकत नाही आणि शेवटी सगळं निस्तरतं. आख्यायिका मात्र अमुक गावच्या तमुक पुलाची असते. सांगणाऱ्याच्या आजोबांनी ते पाहिलेलं असतं, निदान त्यांच्या शेजाऱ्याने तरी. तिच्यातली माणसं घाबरतात आणि शेवट बहुधा अर्धवट राहतो. गेम मास्टरला नेमकं हेच हवं असतं. परीकथा पूर्ण झालेली असते, खेळाडूंना तिच्यात शिरायला जागा नसते. आख्यायिकेत जागाच जागा.

एक आख्यायिका घेऊन हे काम पायरीपायरीने करून पाहू.

डेन्मार्क-नॉर्वेच्या शेतघरांत निसे राहतो, स्वीडनमध्ये त्यालाच तोमते म्हणतात. लहान मुलाएवढा, करड्या कपड्यांतला, डोक्यावर लाल टोपी. गवताच्या माळ्यावर मुक्काम. घोड्यांना खरारा करतो, गुरं राखतो, घराची बरकत सांभाळतो. मोबदला एवढाच की नाताळच्या आदल्या रात्री त्याला लापशीचा वाडगा द्यायचा, आणि त्यावर लोण्याचा गोळा हवाच. कोकणातल्या वाचकाला इथे राखणदार आठवला तर नवल नाही. 1555 मध्ये रोममध्ये छापलेल्या ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या ग्रंथातही गुराढोरांच्या कामात राबणाऱ्या भुताचं चित्र आहे, इतका हा समज जुना.

आता आख्यायिका. एका रात्री वाडगा येतो, पण वर लोणी दिसत नाही. निसे संतापतो आणि गोठ्यात जाऊन घरातली सगळ्यात चांगली गाय मारून टाकतो. परत येऊन लापशी खायला बसतो तर लोणी तळाशी. त्याला पस्तावा होतो. एका पाठात तो मेलेल्या गाईशेजारी पैशांची पेटी ठेवतो. दुसऱ्या पाठात तो शेजारच्या शेतावरून तशीच गाय आणून तिच्या जागी बांधतो.

खेळासाठी मी दुसरा पाठ घेईन, आणि कारण उघड आहे. पैशांच्या पेटीने गोष्ट मिटते. शेजाऱ्याच्या गाईने ती सुरू होते.

पहिली पायरी म्हणजे खेळाडू येण्याआधी काय घडलं ते क्रमाने लिहून काढणं. लोणी तळाशी कुणी ठेवलं? समजा, घरात कामाला असलेल्या मुलीने, थट्टेने. निसेने गाय मारली, रात्रीतच ओढून कुठेतरी टाकली, शेजाऱ्याची आणून बांधली. सकाळी मालकाला काही कळलंच नाही, किंवा कळूनही तो गप्प बसला. शेजारी मात्र आपली गाय शोधत आला आणि ती दुसऱ्याच्या गोठ्यात पाहून चोर म्हणून ओरडू लागला. खेळाडू गावात पोचतात तेव्हा त्यांना भूतबीत काही दिसत नाही. दिसतो तो दोन शेतकऱ्यांमधला तंटा. नवखे गेम मास्टर इथे घाई करतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत लाल टोपी दाखवून मोकळे होतात. टोपी उशिरा दाखवावी. माणसांचं भांडण आधी नीट रंगू द्यावं, कारण निसे कुणाचा राग कुठे काढतो हे त्यावरूनच कळणार असतं.

दुसरी पायरी खुणांची. जस्टिन अलेक्झांडर या खेळ-लेखकाचा एक नियम बहुतेक अनुभवी गेम मास्टर पाळतात: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्यासाठी किमान तीन खुणा पेरा. एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी लागू पडते. इथे खुणा सहज सापडतात. गाईच्या कानाला शेजाऱ्याची खूण, पण दाव्याची गाठ कुणा माणसाने मारावी तशी नाही, भलतीच बारीक. माळ्यावर चाटूनपुसून स्वच्छ केलेला लाकडी वाडगा, तळाशी लोण्याचा वास. घोड्यांच्या आयाळीत घातलेल्या वेण्या, ज्या घरातल्या कुणीच घातलेल्या नाहीत. आणि कामाची मुलगी, जी अंधार पडल्यावर गोठ्यात जायला तयार नाही. तिला विचारलं तर ती रडेल, पण थट्टा केल्याचं कबूल करायला वेळ लावेल.

तिसरी पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि छापील खेळांमध्ये तीच बहुतेकदा गाळलेली असते: चुकीच्या वाटा. खेळाडू सरळ उपाय करून पाहणारच. त्यातला प्रत्येक फसला पाहिजे, पण लोककथेने सांगितलेल्या रीतीने फसला पाहिजे. ते शेतकऱ्याला घर सोडून जायला सांगतील. यावर डेन्मार्कमध्ये एक जुनी आख्यायिकाच आहे: वैतागलेला शेतकरी सगळा संसार गाडीत भरून निघतो, शेवटच्या खेपेला शेजारी विचारतो काय चाललंय, आणि पिंपातून डोकं वर काढून निसेच खुशीत सांगतो की आज आम्ही घर बदलतोय. टेबलावर हा प्रसंग आला की हमखास हशा पिकतो आणि खेळाडूंना एका फटक्यात कळतं की याच्यापासून पळून सुटका नाही. ते त्याला खूश करायला नवे कपडे शिवून देतील. त्यावरही उत्तर तयार आहे. नवे कपडे अंगावर चढले की निसे म्हणतो, एवढ्या चांगल्या कपड्यांत आता घाण काम कोण करणार, आणि राबणं सोडतो. घराची बरकत जाते. म्हणजे खेळाडू जिंकले, पण वर्षभरात शेतकरी कर्जात बुडणार. त्यांना हे आधी कळावं की नंतर, ते गेम मास्टरने ठरवायचं. मी आधी कळू देतो. जाणूनबुजून घेतलेला वाईट निर्णय नंतर बसलेल्या धक्क्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

खरी वाट अगदी साधी आहे. लोणी वर दिसेल अशा वाडग्याने माफी मागायची आणि शेजाऱ्याची गाय परत करायची. पण त्यासाठी मालकाला चारचौघांत कबूल करावं लागेल की आपल्या घरात निसे आहे, आणि पाद्र्यासमोर ही कबुली देणं कठीण. अट पुरी करणं सोपं आणि तिची किंमत मोजणं अवघड, अशी मांडणी जमली की खेळ आपोआप चालतो.

फासे कुठे टाकायचे? वाडगा शोधायला नको. तो न सापडल्याने खेळ अडणार असेल तर तो सापडूच द्यावा. मुलीचं तोंड उघडायला फासा टाकावा. माळ्यावर निसेच्या तडाख्यातून सुटायला नक्कीच टाकावा, कारण हा बुटका एका रात्रीत गाय उचलून नेतो. माफी मागताना मात्र फासा टाकायचा नाही. वाडगा नीट भरला असेल तर निसे ती लापशी खातो, नसेल तर नाही खात. अटीचा निकाल अटीनेच लागायला हवा. तिथेही नशीब आणलं तर खेळाडूंनी केलेल्या तपासाला काही अर्थच उरत नाही.

या पद्धतीवर अख्खा खेळ उभा करणारे स्वीडनमध्येच निघाले. चित्रकार योहान एगरक्रान्स यांनी उत्तरेतल्या लोकसमजुतींतल्या जिवांवर केलेलं सचित्र पुस्तक 2013 चं. त्यावरून निल्स हिन्ट्झ यांनी लिहिलेला 'वेसेन' हा खेळ फ्री लीग या प्रकाशनाने 2020 मध्ये आणला. काळ एकोणिसाव्या शतकाचा: कारखाने उभे राहताहेत, खेडी ओस पडताहेत, आणि माणसांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे जीव बिथरले आहेत. पात्रांचं ठाणं उप्सालातल्या एका जुन्या वाड्यात. त्यांना हे जीव दिसतात, कारण आयुष्यात कधीतरी त्यांना मोठा धक्का बसलेला आहे. सहा बाजूंचे फासे मूठभर टाकायचे, एक जरी सहा पडला तरी काम होतं. मार बसला की आकडे कमी होत नाहीत. पात्र दमतं, घाबरतं, खचतं. आणि मुळात काय बिनसलं ते शोधून त्या जिवाची ठरलेली रीत पाळल्याशिवाय प्रकरण कायमचं मिटत नाही. बंदुकीने फार तर वेळ मिळतो.

व्हिडिओ गेमवाल्यांनाही हे कळलेलं आहे. 'विचर' ही गेममालिका ज्यांच्या कथांवरून आली, त्या आंजेय सापकोव्स्की यांची राक्षस मारणाऱ्या विचरची पहिली कथा 1986 मध्ये पोलंडच्या 'फान्तास्तिका' मासिकात आली. तिच्या मुळाशी स्त्झिगाची जुनी पोलिश कथा आहे: शापित राजकन्या रात्री थडग्यातून उठते, आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत तिला तिच्या शवपेटीत परत जाऊ दिलं नाही तर शाप सुटतो. सापकोव्स्कींचा नायक शेवटी स्वतःच त्या शवपेटीत शिरून झाकण लावून घेतो. अट मोडायची नाही, तिच्यात पळवाट शोधायची. सीडी प्रोजेक्ट रेडच्या 2015 च्या 'विचर 3'मधलं एक प्रकरण तर मी या विषयातला उत्तम नमुना मानतो. एका सरदाराचं मृत जन्मलेलं मूल नीट न पुरल्यामुळे विद्रूप होऊन भटकतंय. खेळाडूसमोर दोन वाटा आहेत. त्याला मारायचं, किंवा सरदाराने ते स्वतःच्या हातांवर घरी आणायचं, नाव द्यायचं आणि उंबऱ्यापाशी पुरायचं. मग तेच घराचं रक्षक होतं. वाटेत ते चवताळलं तर सरदाराचा जीव जाऊ शकतो. पुरलेल्या मुलाला नाव देण्याची ही कल्पना गेम कंपनीने हवेतून आणलेली नाही. नॉर्वेत टाकून दिलेल्या, बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांच्या भुतांच्या आख्यायिका आहेत. त्यांत वाटसरू अंदाजाने दोन नावं उच्चारतो, एक मुलीचं, एक मुलाचं. त्यातलं जे लागू पडेल ते घेऊन रडणं थांबतं.

अटींचा आणखी एक प्रकार म्हणजे करार. दक्षिण स्वीडनच्या लुंड गावातल्या कॅथीड्रलच्या तळघरात एका खांबाला मिठी मारलेली दगडी आकृती आहे. या तळघरातल्या वेदीचा अभिषेक 1123 चा. लोक सांगतात, हा फिन नावाचा राक्षस. त्याने संत लॉरेन्सला चर्च बांधून द्यायचं कबूल केलं, पण काम संपायच्या आत माझं नाव ओळखा, नाहीतर सूर्य-चंद्र तरी द्या किंवा स्वतःचे डोळे. संताला डोंगरात राक्षसीण मुलाला झोपवताना गाणं म्हणताना ऐकू आली, त्यात बापाचं नाव होतं. चिडलेला फिन खांब उपटायला गेला आणि दगड झाला. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये स्नोरी या लेखकाने लिहिलेल्या 'एड्डा' या पुराणकथांच्या ग्रंथातही एक बांधकाम करणारा देवांकडे मजुरी म्हणून सूर्य, चंद्र आणि फ्रेया देवी मागतो. म्हणजे हा सांगाडा एकट्या लुंडचा नाही. टेबलावर तो जसाच्या तसा चालतो: वरचेवर उंच होत जाणाऱ्या भिंती, जवळ येणारी मुदत, आणि गावात नाव माहीत असलेलं एकच माणूस, जे सांगायला तयार नाही.

हे सगळं गमतीचं वाटलं तरी एका ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो. या समजुतींवर खऱ्या माणसांनी विश्वास ठेवला आणि त्यांची झळ खऱ्या माणसांना बसली. आयर्लंडमध्ये टिपरेरी परगण्यात 1895 च्या मार्चमध्ये ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, परींनी तिला नेऊन तिच्या जागी दुसरंच काही ठेवलंय, असं नवऱ्याने मनात घेतलं आणि नातेवाइकांसमोर तिचे हाल करून तिला जाळलं. नंतर तो तिची वाट पाहत एका जुन्या मातीच्या गढीपाशी रात्री जागला, कारण ती पांढऱ्या घोड्यावरून परत येईल असं त्याला वाटत होतं. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला शिक्षा झाली. बदललेल्या मुलाची किंवा बदललेल्या बायकोची गोष्ट खेळात आणताना 'जिवाला चटके दिले की खरी परत मिळते' ही अट मी कधीच खरी ठरू देत नाही. बाकी तपशील राहू दे, ती अट गावकऱ्यांचा भ्रम असते, आणि खेळाडूंचं काम म्हणजे वेळेत पोचणं. मृत मूल, छळ, आजारपण यांतलं काय चालेल आणि काय नको, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच सगळ्यांना विचारून घ्यावं. टेबलावर आपल्याशेजारी कोण काय सोसून बसलंय, ते आपल्याला ठाऊक नसतं.

साहित्य कुठे शोधायचं असा प्रश्न असेल, तर माझी पहिली शिफारस ग्रिम नाही. ग्रिमच्या कथा बंधूंनी आवृत्तीगणिक घासूनपुसून घेतल्या. हान्सेल-ग्रेटेलची सख्खी आई पुढे सावत्र झाली ती अशीच. त्यापेक्षा आयर्लंडकडे वळावं. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं. त्या वह्या आज 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मुलांनी लिहिलेलं असल्यामुळे त्यात अलंकार नाहीत. कुठल्या शेतातली गढी, कुणाच्या गाईचं दूध आटलं, कुणी झुडूप तोडलं आणि मग काय झालं, एवढंच पानभर. एक पान घ्यावं आणि त्याखाली चार ओळी लिहाव्यात: इथे कोण राहतं, त्याला काय हवंय, काय केलं की ते बिथरतं, आणि ते शांत व्हायला गावातल्या कुणाला काय कबूल करावं लागेल. चौथ्या ओळीला उत्तर सापडत नसेल तर पान उलटावं आणि दुसरी गोष्ट घ्यावी.